एकाच सतरंजीवर

वाचकांचे प्रश्न : लिहिण्याविषयी

मागच्या एका अंकात मी इंदूरच्या आमच्या रविवारच्या लेखन-बैठकीबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. ज्यांची पत्रं जवळजवळ सारखी होती त्यांच्यातलं एकेकच घेतलंय.

ताई, सादर नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्या कॉलनीत लेखन कार्यशाळा सुरू करायचं ठरतंय. येणाऱ्यांत दोन कवितासंग्रह निघालेल्या एक बाई आहेत, शाळा सुटल्यावर कधी कागद-पेन न धरलेले गृहस्थ आहेत आणि कॉलेजातली तीन मुलं आहेत. सगळ्यांना एकत्र बसवावं, की नवखे आणि अनुभवी असे दोन वर्ग करावेत?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

काका, एकत्रच बसवा. सुरुवातीला मलाही अनेकांनी वर्ग पाडायचा सल्ला दिला होता, तो मी मानला नाही, आणि आज त्याचं फार समाधान वाटतं. वर्ग पाडले की नवख्यांना शिक्षक हवा होतो आणि अनुभवी मंडळींना श्रोते हवे होतात. लिहिणं दोन्हीकडे मागे पडतं.

आमच्या एका बैठकीतलं सांगते. विषय दिला होता : तुम्ही लहानपणी ज्या घरात राहिलात, त्या घराचं दार. वेळ दहा मिनिटं. अट एकच, की भावनेचं नाव घ्यायचं नाही. माया, दुःख, आठवण, ओढ, यांपैकी एकही शब्द नको. आमच्यात एक काका आहेत, त्यांचं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. त्यांनी चारच ओळी लिहिल्या. त्या अशा : "आबा रात्रपाळीहून आले की कडी दोनदा वाजायची. एकदा वाजली तर शेजारचे. आई दोन्ही वेळा उठायची. मिल बंद झाल्यावर कडी एकदाच वाजायची, तरी आई उठायची."

त्यांच्या शेजारी आमच्या एक ज्येष्ठ लेखिका बसल्या होत्या. त्यांच्या कथा दिवाळी अंकांतून येतात. त्यांनी दारावर दीड पान लिहिलं होतं, त्यात उंबरठा होता, मर्यादा होती, आत आणि बाहेर होतं. काकांचं ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या पानावर काट मारली आणि म्हणाल्या, "माझ्या दारातून कोणी आलंच नाही." पुढच्या बैठकीला त्यांनी तेच दार पुन्हा लिहून आणलं. या खेपेला त्यात एक मोलकरीण होती, ती चपला बाहेर काढताना रोज एकच चप्पल आत ढकलून ठेवायची, कुत्रं नेतं म्हणून.

आता काकांना काय मिळालं? त्या बाईंनी त्यांना विचारलं, "आई उठल्यावर काय करायची?" काका म्हणाले, काही नाही, ताट झाकलेलं असायचं, ते उघडून द्यायची. "मग तेवढं लिहा की." काका ते लिहायला बसले आणि चार ओळींची तीन पानं झाली. ताटात काय असायचं, मिल बंद झाल्यावर त्यातलं काय कमी झालं, भाजीची वाटी कधी गेली, सगळं त्यात आलं. कुठे आणखी खणायचं हे अनुभवी माणसाला लगेच दिसतं. कुठे उगाच शब्द खर्च झालेत हे नवख्याच्या लिखाणाशेजारी आपलं ठेवलं की कळतं. म्हणून दोघं एका सतरंजीवर हवीत.

मात्र एक पथ्य कडक पाळा. जो येईल तो लिहील. बैठक चालवणाराही लिहील, संग्रहवाल्या बाईही लिहितील, फक्त मार्गदर्शनाला आलेला असा कुणी नको. हार, श्रीफळ, अध्यक्षांची खुर्ची, यांतलं काहीच नको. पहिल्या दिवशी एका माणसाला खुर्ची दिली की बाकीचे वर्षभर त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

कुणाची पूर्ण कादंबरी लिहून झाली असेल आणि ती वाचून हवी असेल, तर मात्र वेगळी सोय करा. तीन-चार जणांनी घरी नेऊन वाचावी आणि एक अख्खी दुपार तिलाच द्यावी. रविवारच्या दोन तासांत कादंबरीवर बोलणं म्हणजे लिहिणाऱ्याच्या कष्टांवर अन्याय आहे.

आमचा गट वर्षभर चालला आणि आता विस्कटायला लागलाय. कुणीही वाचलं की "वा, सुंदर" होतं आणि चहा येतो. एकदा एका सभासदांनी एका बाईंच्या कथेला "शेवट फसलाय" म्हटलं, तर त्या बाई यायच्याच थांबल्या. कौतुकही नको आणि अपमानही नको, तर करायचं काय?
– एक वाचक, ग्वाल्हेर

तुमच्या पत्रातला प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

"सुंदर" ऐकून लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, "फसलाय" ऐकूनही लागत नाही. दोन्ही निकाल आहेत. लिहिणाऱ्याला हवी असते ती बातमी : माझं वाक्य तुमच्यापर्यंत पोचलं का, आणि पोचताना त्याचं काय झालं?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली. तिथून जगभर पसरलेली एक रीत अशी, की चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने बोलायचं नाही. लिखाण छापून निघालं की लेखक काही वाचकाच्या कानाशी बसून खुलासे करू शकत नाही, म्हणून ही सवय. रीत चांगली आहे, पण नवख्या माणसाला तिचा जाच होतो. आठ जण आपल्या कथेची चिरफाड करताहेत आणि आपण ओठ मिटून बसलोय, हे सोसायला बरीच वर्षं लिहिलेलं असावं लागतं. त्यातून तुमच्या गटातल्या बाईंसारखी माणसं कायमची तुटतात.

मला त्याहून उपयोगी पडली ती लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये बसवलेली पद्धत. ती मुळात नाचासाठी होती, पण लिखाणालाही चपखल बसते. तिच्यात चार पायऱ्या आहेत. आधी ऐकणाऱ्यांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं एवढंच सांगायचं. मग लिहिणाऱ्याने स्वतः प्रश्न विचारायचे, जसं की "मधला पत्राचा भाग लांबला का?" त्यानंतर ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यांत मत दडवायचं नाही. आणि सगळ्यात शेवटी मत, तेही परवानगी घेऊन : "शेवटाबद्दल मला काही वाटतंय, ऐकायचंय का?" लिहिणाऱ्याला "आज नको" म्हणायची मुभा असते.

तिसरी पायरी सगळ्यात अवघड जाते. "शेवट असा अचानक का केलात?" हा प्रश्न दिसतो, पण आहे शेरा. तेच "शेवटी वाचकाने कुणाच्या बाजूने असावं असं तुमच्या मनात होतं?" असं विचारलं, की लिहिणारी बाई विचार करायला लागते. ग्वाल्हेरच्या त्या बाईंना कुणी असं विचारलं असतं, तर मला वाटतं त्या घरी जाऊन शेवट पुन्हा लिहायला बसल्या असत्या. त्यांना घरी जाऊन बोलावून आणा. आणि ज्यांनी "फसलाय" म्हटलं त्यांनीच जावं.

आमच्याकडे आम्ही एक भर घातली आहे. लिहिणारा एकदा वाचतो, मग तेच लिखाण दुसरं कुणीतरी मोठ्याने वाचतं. लिहिणारा आपल्या चुकांवरून सफाईने पुढे जातो, कारण त्याला कुठे थांबायचं ते ठाऊक असतं. दुसऱ्याची जीभ मात्र नेमकी तिथे अडखळते. जिथे अडखळली तिथे पेन्सिलने खूण करा. अर्धी दुरुस्ती तिथेच होते, कुणाला काही बोलावंही लागत नाही. सगळ्यांकडे झेरॉक्स असेल तर उत्तम.

वेळेचंही बघा. पाचशे शब्द मोठ्याने वाचायला चार-पाच मिनिटं लागतात, दोनदा वाचलं की दहा. त्यावर बोलणं धरलं तर एका लिखाणाला वीस मिनिटं सहज जातात. म्हणजे दोन तासांत, लिहिण्याचा वेळ सोडून, चार-पाचांहून जास्त लिखाणं होत नाहीत. तुमच्याकडे एका बैठकीत दहा जण वाचत असतील, तर "वा, सुंदर" खेरीज दुसरं काय होणार?

ताई, मी हिंदी माध्यमात शिकले, आता विजयनगरला नोकरी करते. घरी मराठीच बोलतो, पण आमची मराठी इंदूरची, "मी जाऊन राहिले", "काय करून राहिला" असली. पुण्याच्या मावसबहिणी हसतात. शुद्धलेखनही कच्चं आहे. मराठी बैठकीत यायची इच्छा आहे पण धीर होत नाही. हिंदीतच लिहावं का?
– एक मुलगी, इंदूर

तू ये. याच रविवारी ये.

तुझ्या प्रश्नात दोन गोष्टी गुंतल्या आहेत, त्या वेगळ्या कर. पहिली बोलीची. मल्हारराव होळकरांच्या काळापासून आपली मराठी माळव्यात नांदते आहे, पिढ्यान् पिढ्या हिंदी आणि माळवी ऐकत. ती पुण्यासारखी राहील कशी आणि का राहावी? तुझ्या कथेतली आजी इंदूरची असेल तर ती "काय करून राहिला रे?" असंच म्हणेल. तिच्या तोंडी पुण्याचं वाक्य घातलंस तर ती आजी तुझी राहणार नाही. संवादात तुझी बोली पूर्ण येऊ दे. निवेदनात किती ठेवायची ते लिहिता लिहिता तुझं तूच ठरवशील, त्याची घाई नाही.

दुसरी गोष्ट लेखनाच्या नियमांची. ती शिकता येते, त्यात लाज कसली? हिंदी माध्यमातल्यांचे बहुतेक दोष दोन-तीन ठिकाणीच होतात. हिंदीत कवि, गति, बुद्धि, गुरु असं लिहितात. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार बहुतेक दीर्घ असतो : कवी, गती, बुद्धी, गुरू. आणि, परंतु अशी थोडी अव्ययं ऱ्हस्वच राहतात. मग गरीब, वकील, फूल हे शब्द घे. यांना प्रत्यय लागला की मधला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, म्हणून गरिबाला, वकिलाने, फुलात. हिंदीत तसं होत नाही, त्यामुळे हात चुकतो. आणि फोनमध्ये मराठीचा कळफलक वेगळा घालून घे. हिंदीच्या कळफलकावर ळ शोधावा लागतो आणि दऱ्या लिहायला जावं तर दर्या होऊन बसतो. एवढं सांभाळलंस तरी तुझं पान ओळखू येणार नाही इतकं बदलेल.

हिंदीत लिहावं का, हे विचारलंस. लिही की. दोन्हीत लिही. आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका मराठी घरातले दोन भाऊ, गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत राहिले आणि शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत, आणि दोघेही आपापल्या भाषेतले मोठे कवी झाले. आमच्या बैठकीतही कुणी हिंदीत लिहून आणलं तर आम्ही ते ऐकतो. त्यावर बोलतो मात्र मराठीत. माळव्यातल्या घराला दोन भाषा मिळतात ही केवढी पुंजी आहे, आणि आपली मुलं तिच्याकडे उणीव म्हणून बघतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझ्या मावसबहिणींनाही एकदा घेऊन ये. त्यांनाही दाराचा विषय देऊ.

कार्यशाळेला फी किती ठेवावी? प्रमाणपत्र द्यावं का?
– एक संयोजक, इंदूर

चहा-पोहे आणि झेरॉक्सचा खर्च वाटून घ्यावा, त्यावर काही नको. जागेला भाडं पडत असेल तर तेही वाटून घ्या. पण आधी कुणाचा बैठकीचा हॉल रविवारी मोकळा असतो का ते बघा, बहुधा असतो. प्रमाणपत्र देऊ नका. त्यासाठी येणारी माणसं ते मिळालं की येत नाहीत.

मी सासूबाईंवर एक लेख लिहिला. त्या आता नाहीत. त्यांनी मला फार सोसायला लावलं, आणि शेवटच्या आजारात आम्ही दोघी फार जवळ आलो, हे सगळं त्यात आहे. बैठकीत वाचला, सगळ्यांचे डोळे भरून आले. आठवड्याभरात माझ्या नणंदेच्या कानावर गेलं आणि घरात मोठं वादळ झालं. मिस्टर म्हणतात, लिहिणं बंद कर. मी काय करू?
– एक वाचक, टिळकनगर, इंदूर

लिहिणं बंद करू नका. आणि मिस्टरांवर किंवा नणंदेवर रागावूही नका, त्यांची आई होती ती.

चूक तुमच्या बैठकीची झाली आहे. इंदूरचं मराठी जग लहान आहे. टिळकनगर, लोकमान्यनगर, रामबाग, कुठेही जा, दुसऱ्या वाक्याला ओळख निघते. इथे दोन नियम पहिल्या दिवसापासून हवेत. बैठकीत ऐकलेलं बैठकीबाहेर न्यायचं नाही, घरच्यांनाही सांगायचं नाही. आणि लिखाणात कुणी "मी" म्हणत असेल, तर चर्चेत त्याला "निवेदक" म्हणायचं, "तुम्ही" नाही. "तुमच्या सासूबाई तशा का वागल्या?" असा प्रश्न निघाला की लिखाण बाजूला पडतं आणि घर चव्हाट्यावर येतं. "निवेदिकेला सासूचा राग येणं पहिल्यांदा कधी बंद झालं?" असं विचारलं की सगळे पुन्हा कागदाकडे वळतात. हे कृत्रिम वाटतं, दोन-तीन बैठकींत सवय होते. तुमच्या संयोजकांना माझ्या नावाने हे सांगा.

लेखाबद्दल सांगते. तुम्ही तो मला पाठवला होता, मी दोनदा वाचला. शेवटच्या आजारात त्या तुमच्याकडून वेणी घालून घेतात आणि केस ओढला गेला तरी काही बोलत नाहीत, ती जागा मला फार मोठी वाटली. आधीची तक्रारीची चार पानं त्या एका जागेत आली आहेत. ती चार पानं निम्मी करा. नणंदेचा राग शांत व्हावा म्हणून नव्हे, लेखाला त्यांची गरज नाही म्हणून. मग एखाद्या संध्याकाळी मिस्टरांना शेजारी बसवून वेणीचा भाग वाचून दाखवा. ऐकीव बातमी आणि स्वतः ऐकलेलं लिखाण यांत फार अंतर असतं. त्यांनी ऐकून काही सुचवलं तर लिहून घ्या, त्यांच्याकडे त्यांच्या आईचं असं काही असेल जे तुम्हाला ठाऊक नाही.

छापायला देण्याची घाई नको. लेख वर्षभर राहिला तरी नासत नाही.

आम्ही देवासला राहतो. लिहिण्याची आवड असलेले जेमतेम पाच जण आहोत. इंदूरसारख्या संस्था इथे नाहीत. पाच जणांची कार्यशाळा होते का? आणि खरं सांगायचं तर आमच्या साध्या आयुष्यात लिहिण्यासारखं असं काय आहे?
– एक वाचक, देवास

पाच पुष्कळ झाले. बारांच्या वर गेलं की मीच दोन बैठकी करायला सांगते.

संस्थांचं म्हणाल तर त्यांचा आधार मोठा आहे, नाही म्हणत नाही. इंदूरला महाराष्ट्र साहित्य सभा आहे, नाटकासाठी सानंद ही संस्था आहे, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा भरलं. २००१ ला विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. पण वर्षं बघा. दोन संमेलनांच्या मधे पिढ्या गेल्या. त्या मधल्या वर्षांत जे कुणी लिहीत राहिले, ते घरात आणि चार माणसांच्या संगतीत लिहीत राहिले. आणि देवासला कवितेची ओळख करून द्यायला नको, भा. रा. तांबे तुमच्याकडे राहून गेलेत.

लिहिण्यासारखं काय आहे, हा प्रश्न मला प्रत्येक गावातून येतो आणि दर वेळी माझा जीव कळवळतो. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या हक्काचे पैसे द्यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. एवढ्या वर्षांत किती घरांतल्या मुलींची लग्नं लांबली असतील, किती मुलांनी शाळा सोडली असेल, अनंत चतुर्दशीला मिलची झांकी, म्हणजे सजवलेला चित्ररथ, निघाली की कोण बघायला गेलं असेल आणि कोण दार लावून बसलं असेल. त्या घरांत मराठी घरंही होती. त्यांनी लिहिलेलं मला हवं आहे. तुमच्या देवासलाही असंच काही असणार, आणि ते तुम्हा पाच जणांखेरीज दुसरं कोण लिहिणार? बाहेरचा माणूस आकडे लिहील. भाजीची वाटी ताटातून कधी गेली, ते त्याला कुठून कळायचं?

पहिल्या बैठकीला पाहुणा बोलावू नका, भाषण ठेवू नका. पाच जण बसा, घड्याळ लावा, दहा मिनिटं लिहा. विषय हवा असेल तर हा घ्या : घरातलं असं एक भांडं, जे आता कुणी वापरत नाही पण टाकतही नाही. दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर "सुचत नाही" असं लिहीत राहायचं, तिसऱ्या-चौथ्या वेळेला भांडं आपोआप येतं. मग पाचही जणांनी वाचायचं, आणि पहिल्या दिवशी फक्त काय लक्षात राहिलं तेवढं सांगायचं. पुढच्या बैठकीचा दिवस उठण्याआधी ठरवा, फोनवर ठरवू म्हणालात तर ती होत नाही.

तीन-चार बैठकी झाल्या की पाचांतला एक खर्डा मला पाठवा. खाडाखोडीसकट पाठवा, स्वच्छ करून नको. कुणाचं नाव द्यायचं नसेल तर देऊ नका.